छप्पर शाबूत असलेला एक गड: युरोप सहली काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
युरोपच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांचे संचालक
आणि त्या सहलींबरोबर जाणारे सर्व टूर मॅनेजर

सप्रेम नमस्कार,

काही वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन मी तुमच्यापैकी एका संस्थेच्या सहलीतून जर्मनीत गेलो होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या त्या संस्थेची नाही. सांक्ट गोआरच्या धक्क्यावर आम्ही बोटीत बसलो आणि तासाभराने बोप्पार्डला उतरलो. ऱ्हाइन नदी, दोन्ही काठांवर द्राक्षांचे मळे, डोंगरांच्या माथ्यावर एकामागून एक किल्ले. टूर मॅनेजर माईकवरून सांगत होते, "डावीकडे बघा, कॅसल. आता उजवीकडे, फोटो काढून घ्या." माझ्या बाबांनी आयुष्यभर सह्याद्रीतले गड पायाखाली घातले आहेत. त्यांनी विचारलं, "यातल्या एखाद्यावर वर जाता येतं का? आत काय आहे?" उत्तर आलं, "काका, वेळ नाही. आणि आतून सगळे सारखेच असतात."

हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. ते किल्ले सारखे नाहीत, आणि जो एक किल्ला मराठी माणसाला आवर्जून दाखवायला हवा, तो आमची बोट सुटली त्याच नदीवर, आम्ही उतरलो तिथून जेमतेम दहा किलोमीटर पुढे उभा होता. पुढे कामानिमित्त माझं कोब्लेंझला राहणं झालं, तेव्हा मी तो तीनदा पाहिला. त्याचं नाव मार्क्सबुर्ग. गाव ब्राउबाख.

आधी "सारखेच" या शब्दाचा निकाल लावतो. बिंगेन आणि र्‍यूडेसहाइमपासून कोब्लेंझपर्यंतचं ऱ्हाइनचं ६५ किलोमीटरचं खोरं २००२ पासून जागतिक वारसा आहे, आणि त्यात चाळीसच्या आसपास किल्ले, वाडे आणि पडके बुरूज आहेत. बोटीवरून दिसणाऱ्या या गर्दीत बहुतेक दोन जाती आहेत. पहिली पडक्या किल्ल्यांची. सांक्ट गोआरच्या डोक्यावरचा ऱ्हाइनफेल्स घ्या. काट्सेनएल्नबोगेनच्या सरदारांनी तो १२४५ मध्ये बांधायला घेतला आणि दहाच वर्षांत नदीवरच्या शहरांनी एकजूट करून त्याला वेढा घातला, कारण तिथली वाढवलेली जकात त्यांना सोसवेना. वेढा वर्षभराहून अधिक चालला, किल्ला पडला नाही. १६९२ मध्ये चौदाव्या लुईच्या मोठ्या फौजेलाही तो मिळाला नाही. शेवटी १७९७ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने सुरुंग लावून तो उडवला. आज तिथे भव्य भिंती आहेत, पण खोल्या नाहीत.

दुसरी जात १९व्या शतकातल्या हौसेची. कोब्लेंझजवळचा पिवळसर, देखणा श्टोल्झेनफेल्स १६८९ मध्ये फ्रेंचांनी जाळला होता. जवळजवळ दीडशे वर्षं तो उघड्यावर पडून होता. मग प्रशिया या जर्मन राज्याच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या राजा फ्रीड्रिख विल्हेल्म चौथ्याने, १८३६ ते १८४२ या काळात तो नव्याने उभारून घेतला. त्याच घराण्यातल्या आणखी एका राजपुत्राने १८२५ पासून ऱ्हाइनश्टाइन बांधून काढला. या वास्तू सुंदर आहेत, त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण ती १९व्या शतकाने पाहिलेली मध्ययुगाची स्वप्नं आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून "हा बाराव्या शतकातला कॅसल" असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याची फसवणूक होते.

मार्क्सबुर्ग या दोन्हींत बसत नाही. मध्य ऱ्हाइनच्या डोंगरमाथ्यांवरच्या किल्ल्यांमध्ये कधीही उद्ध्वस्त न झालेला तो एकच. छप्परं आहेत, चूल आहे, तळघरातली पिंपं आहेत, शौचकूपाचं दार आहे.

आणि इथेच तुमच्या गटातल्या मराठी माणसांचा संबंध येतो. आपण किल्ले पाहतो म्हणजे जोती पाहतो. रायगडावर आपण उभे राहतो ते चौथऱ्यांवर. इथे सदर होती, इथे राणीवसा, इथे कोठारं, असं वाटाड्या सांगतो आणि वरच्या भिंती, लाकडी खांब, कौलं आपण मनाने चढवतो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत रायगडावरचा राहता भाग जळून गेला, आणि इतर कित्येक गडांची लाकडी अंगं त्या शतकात अशीच गेली. तट, बुरूज, दरवाजे आणि टाकी वाचली, कारण ती दगडाची होती. लहानपणापासून मी बाबांना एकच प्रश्न विचारत आलो: ही माणसं जेवायची कुठे, थंडीत झोपायची कुठे? मार्क्सबुर्गच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा एका गडाने मला याचं उत्तर दिलं. गड दुसऱ्यांचा होता, हवा वेगळी होती, पण प्रश्न तोच होता.

आता गडाबद्दल. तुमच्या टूर मॅनेजरांना माईकवर सांगायला उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्राउबाख गावाच्या मागे स्लेटच्या काळ्या दगडाचा एक सुळकेवजा डोंगर नदीपासून शंभरेक मीटर उठतो आणि त्याच्या टोकावर गड बसला आहे. सुरुवात १२व्या शतकातली मानतात, कागदोपत्री पहिला उल्लेख १२३१ चा. तेव्हा तो एपश्टाइन घराण्याकडे होता. मोठं वजनदार घराणं, १३व्या शतकात माइन्त्सच्या आर्चबिशपच्या गादीवर त्यांच्यातले बरेच जण बसले. १२८३ मध्ये काट्सेनएल्नबोगेनच्या काउंट एबरहार्डने गाव आणि गड विकत घेतला. हे नाव बोलताना जीभ अडखळते, पण ते लक्षात ठेवायला हवं, कारण आज आपण पाहतो तो गड बहुतांशी याच घराण्याच्या काळातला आहे.

त्यांचा पैसा यायचा नदीतून. तेव्हा या भागात रस्ते नावालाच होते. मीठ, दारू, लाकूड, कापड सगळं पाण्यावरून जायचं. प्रत्येक वळणावर कुणीतरी साखळी किंवा तोफ दाखवून नावाड्यांकडून जकात घ्यायचा. काउबपाशी नदीच्या मधोमध खडकावर उभा असलेला फाल्झग्राफेनश्टाइन हा तर निव्वळ जकातनाका, १४व्या शतकात बांधलेला, आणि तो १८६६ पर्यंत वसुली करत होता. काट्सेनएल्नबोगेनांकडे असे नाके कितीतरी होते, आणि त्या वसुलीवर ते या खोऱ्यातल्या सगळ्यात धनवान घराण्यांपैकी एक झाले. गडावरून खाली पाहिलं की हे सांगावंच लागत नाही. नदीचे दोन्ही पट्टे दूरवर दिसतात, एकही नाव नजर चुकवून जाणार नाही.

मार्क्सबुर्ग हे नाव मात्र उशिराचं. आपल्याकडे पुष्कळांना ते ऐकून कार्ल मार्क्स आठवतो. त्याचा जन्म इथून फार लांब नसलेल्या ट्रिअरचा, पण गडाशी त्याचा संबंध नाही. गडावर संत मार्कच्या नावाचं चॅपल आहे, १४३७ मधल्या नोंदीत ते आढळतं, आणि त्याच्यावरून पुढे गडाचं नाव पडलं. त्याआधी तो नुसताच ब्राउबाखचा गड होता. तेव्हाचा धनी काउंट फिलिप जेरुसलेमची यात्रा करून आलेला होता. १४७९ मध्ये तो वारला, त्याच्यामागे मुलगा उरला नव्हता, आणि मुलीच्या लग्नामुळे सारी दौलत हेसनच्या घराण्याकडे गेली.

हेसनवाल्यांनी गडाचा राजवाडा केला नाही, ठाणं केलं. धनी लोक खाली उतरले. १६व्या शतकात त्यांनी गावातच नदीकाठी फिलिप्सबुर्ग नावाचा वाडा बांधला. वर राहिले किल्लेदार, शिपाई आणि तोफा. माझ्या मते गड वाचला याचं हे एक मोठं कारण. ज्याला राहायचं होतं, त्याने मोठ्या खिडक्या आणि रुंद दालनांसाठी जुनं पाडलं नाही. ज्याला पहारा द्यायचा होता, त्याने छप्पर गळू दिलं नाही. १८०३ मध्ये गड नासाऊच्या राज्याकडे आला. त्यांनी तिथे तुरुंग केला आणि जायबंदी सैनिकांना राहायला जागा दिली. १८६६ च्या युद्धात नासाऊचं राज्यच प्रशियाने गिळलं आणि गड प्रशियाचा झाला.

आता चढू या. शेवटचा चढ पायीच आहे. पहिला दरवाजा उचलत्या पुलाचा. त्यातून आत गेलं की बोगद्यासारखी अंधारी वाट, मग कोल्ह्याचा दरवाजा, मग जंग्यांचा, म्हणजे मारा करायच्या भोकांचा दरवाजा. आपल्या गोमुखी दरवाज्यांची सवय असलेल्या माणसाला हे लगेच कळतं: शत्रूला एका दमात आत येऊ द्यायचं नाही, वळवायचं, अडवायचं, वरून मारायचं. जंग्यांच्या दरवाज्यावर भिंतीतून पुढे आलेली एक दगडी पेटी आहे, तिला तळ नाही. तिथून उकळतं डांबर ओतत असं सगळीकडे सांगतात. डांबर महागडी वस्तू होती. दगड आणि गरम पाणी यांनीही तेच काम व्हायचं.

आणि मग येतो घोड्यांचा जिना. डोंगराचा खडक तसाच ठेवून त्यातच रुंद, उतरत्या पायऱ्या कोरल्या आहेत, घोड्याचा खूर पडेल अशा अंतरावर. शतकानुशतकं पाय आणि खूर पडून खडक गुळगुळीत झालाय; पावसात इथे जपूनच पाऊल टाकावं लागतं. बाजूच्या भिंतीवर गडाच्या धन्यांची मानचिन्हं ओळीने लावली आहेत, एपश्टाइनपासून आजपर्यंतची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा इथलाच फोटो बाबांना पाठवला. त्यांचा उलट फोन आला. नदीबद्दल नाही, बुरुजाबद्दल नाही. त्यांनी विचारलं, "पायरीची उंची किती? टाच मावते का पूर्ण?" हरिश्चंद्रगडाच्या आणि हरिहरच्या कोरलेल्या पायऱ्या ज्याने चढल्यात, त्याला हेच विचारावंसं वाटणार. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा टेप घेऊन गेलो.

जिन्याच्या वर तोफांचे मोर्चे आहेत. एक १६व्या शतकाच्या अखेरचा, दुसरा १८व्या शतकाच्या सुरुवातीचा, तोफांची तोंडं नदीकडे. इथे जरा थांबायला हवं. कारण याच ठिकाणी कळतं की मध्ययुगातला गड बंदुकीच्या दारूपुढे कसा बदलला: उंच बारीक भिंतींच्या पुढे बुटके, जाड, मातीने भरलेले मोर्चे आले. शिवकाळात आपल्याकडेही बांधणारे याच प्रश्नाशी झगडत होते. त्यांचं उत्तर आपल्या कातळाने आणि घाटाने दिलं, यांचं उत्तर वेगळं. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

गडाचा गाभा तिकोनी. मधोमध सगळ्यात उंच मनोरा, त्याला बेर्गफ्रीड म्हणतात, आणि त्याच्याभोवती तीन बाजूंनी इमारती. बेर्गफ्रीड आपल्या बालेकिल्ल्यासारखा वाटतो, पण त्यात कुणी राहत नसे. टेहळणी, शेवटचा आसरा, आणि मुख्य म्हणजे दुरून दिसणारी धन्याची ताकद. दार जमिनीवर नाही, बरंच वर आहे. संकटात शिडी ओढून घ्यायची. खालचा भाग चौकोनी, एक बाजू जेमतेम सहा मीटरची, आणि त्याच्या डोक्यावर आणखी बारीक मनोरा, एकूण उंची चाळीस मीटरच्या आसपास. या आकाराला तिथे लोण्याच्या रवीच्या पिंपाचं नाव आहे. लोणी काढायचं उंच पिंप आणि त्यातून वर आलेली रवीची दांडी, अगदी तसंच दिसतं.

उत्तरेकडची जुनी राहती इमारत १३व्या शतकातली, रोमानेस्क घडणीची. गोलसर कमानींच्या जोडखिडक्या. पूर्वेकडची १४व्या शतकातली गॉथिक इमारत काट्सेनएल्नबोगेनांची. तिच्यात खाली स्वयंपाकघर, वर मोठं दालन. नदीच्या अंगाची इमारत या दोघांपेक्षा पुष्कळ नंतरची, वरचे मजले लाकडी चौकटीचे. म्हणजे पन्नास पावलांच्या फेरीत पाचशे वर्षांची बांधकामाची रीत दिसते, आणि एकाने दुसऱ्याला पाडलेलं नाही. कोपरे एकमेकांशी जुळत नाहीत, जमिनी एका पातळीत नाहीत. खडक जसा वळला तशी भिंत वळली.

स्वयंपाकघराबद्दल थोडं जास्त लिहितो. खोलीचा एक कोपरा म्हणजे चूलच, माणूस आत उभा राहील एवढी. वरून साखळीला टांगलेली कढई वर-खाली करून आच कमी-जास्त करायची. जाडजूड ओकचे खांब छत तोलतात. शेजारी वाइनची कोठी. या खोऱ्यात ती चैन नव्हती, रोजचं पिणं होतं. रीस्लिंग द्राक्षाची सगळ्यात जुनी ज्ञात नोंदसुद्धा याच काट्सेनएल्नबोगेन घराण्याच्या हिशेबात आहे, साल १४३५. आपल्या गडावर गेल्यावर पहिली चौकशी पाण्याच्या टाक्यांची होते. इथे पहिली चौकशी शेकोटीची करावी. एवढ्या गडात ऊब असलेल्या खोल्या बोटांवर मोजण्याइतक्या. स्वयंपाकघर एक, धनीणबाईंची लाकडाने मढवलेली लहान खोली एक. वरच्या मोठ्या दालनात शेकोटी आहे, पण जाड भिंतींच्या त्या खोलीत हिवाळ्यात काय होत असेल ते तिथे जूनमध्येही अंगाला कळतं. खिडकीच्या खोबणीत समोरासमोर दगडी बाकं आहेत. उजेड तिथेच, म्हणून शिवण, वाचन, गप्पा तिथेच.

त्याच दालनाच्या कोपऱ्यात एक अरुंद दार आहे. आत शौचकूप, भिंतीच्या बाहेर लोंबणारा, खाली थेट गडाचा उतार. वाटाड्या तिथे सगळ्यांना थांबवतो आणि दाराची कडी दाखवतो. ती बाहेरून लागते. खालून चढून त्या भोकातून कुणी घुसलाच, तर तो आतच अडकावा म्हणून. आमच्या गटातल्या एका मराठी आजोबांनी लगेच विचारलं, "कोंडाण्याची घोरपड इथूनही चढली असती का?" गट हसला, वाटाड्याला अर्थ सांगावा लागला, आणि तो पुढे पाच मिनिटं त्याच विषयावर बोलत राहिला.

चॅपल लहान आहे, दक्षिणेच्या मनोऱ्यात. तबेल्यात आता लोहारशाळा आणि शिक्षेची हत्यारं ठेवली आहेत. मी तिथे फार थांबलो नाही. चिलखतांचा संग्रह मुलांना आवडतो. त्यापेक्षा तटाच्या कडेची औषधी वनस्पतींची बाग वेळ घेऊन पाहावी. मध्ययुगात स्वयंपाकाला, औषधाला, रंगाला आणि विषालाही वापरत त्या दीडशेवर वनस्पती तिथे लावल्या आहेत.

"कधीच उद्ध्वस्त न झालेला" म्हणताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हात लागलाच नाही असा तो नाही. १८९९ मध्ये बोडो एबहार्ट नावाच्या वास्तुकाराने किल्ल्यांच्या रक्षणासाठी एक संघटना काढली. जर्मन किल्ले संघ असं तिचं नाव मराठीत करता येईल. पुढच्याच वर्षी संघाने हा गड प्रशियाच्या सरकारकडून १००० मार्क एवढ्या नाममात्र किमतीला विकत घेतला, जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसऱ्याच्या पाठिंब्याने. तेव्हापासून आजपर्यंत गड संघाचाच आहे, कार्यालयही तिथेच. एबहार्टने डागडुजी करताना हेसन दरबारच्या विल्हेल्म डिलिख याची १७व्या शतकाच्या सुरुवातीची चित्रं समोर ठेवली. या डिलिखने आपल्या धन्यासाठी किल्ल्यांचे असे नकाशे काढले होते की कागदाच्या झडपा उचलल्या की आतले मजले दिसतात. मनोऱ्याचा वरचा बारीक भाग त्याच चित्रांच्या आधाराने २०व्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा बांधलेला आहे, चॅपलच्या छतावरची रंगवलेली चित्रंही त्या काळातली. याच एबहार्टने अल्सासमधला होहक्योनिग्सबुर्ग किल्ला कैसरसाठी जवळजवळ पूर्ण नव्याने उभा केला, आणि त्यावर टीकाही झाली. मार्क्सबुर्गवर त्याचा हात हलका राहिला, कारण मुळात पाडलेलं फार काही नव्हतंच.

फेब्रुवारी १९४५ मध्ये एबहार्ट याच गडावर वारला. पुढच्याच महिन्यात अमेरिकी फौज नदीच्या पलीकडच्या काठावर पोचली आणि तिच्या तोफगोळ्यांनी छपरांचं आणि भिंतींचं बरंच नुकसान केलं. युद्धात होरपळलेल्या देशात ते दुरुस्त करायला वर्षं लागली, पण संघाने सोडलं नाही.

आणखी एक गोष्ट माईकवर जरूर सांगा, लोकांना आवडेल. १८७३ मध्ये एक जर्मन जहाज जपानच्या मियाको बेटाजवळ फुटलं आणि तिथल्या कोळ्यांनी खलाशांना वाचवलं. शंभरहून अधिक वर्षांनी त्या आठवणीखातर बेटावर जर्मन गाव उभं करायचं ठरलं, आणि जपान्यांनी मार्क्सबुर्गच विकत मागितला: दगड न् दगड सोडवून तिकडे नेण्यासाठी. संघाने नकार दिला. मग जपान्यांनी त्याची हुबेहूब नक्कल बांधली, ती आज मियाकोवर उभी आहे.

आता मागणी.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. कोब्लेंझपासून थेट माइन्त्सपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही, फक्त फेरीबोटी. तुमची बस डाव्या काठावर, मार्क्सबुर्ग उजव्या. बोप्पार्डला उतरवलं की बस सरळ कोलोनच्या महामार्गाला लागते, हे सोपं पडतं. पण तीच प्रवासी बोट हंगामात बोप्पार्डच्या पुढे ब्राउबाखच्या धक्क्यालाही लागते. प्रवासी बोटीत असताना रिकामी बस कोब्लेंझच्या दक्षिणेकडच्या पुलावरून नदी ओलांडून ब्राउबाखला येऊ शकते. पुलापासून गाव दहाएक किलोमीटरवर. गड पाहून त्याच वाटेने कोलोन. माझ्या हिशेबाने एकूण तीन तास जास्त लागतात. कोलोनमधल्या सुगंधी पाण्याच्या दुकानातला मुक्काम आणि कुकू घड्याळांच्या दुकानातला एक थांबा कमी केला तर ते मिळतात. त्या थांब्यांवर लोक खरेदी करतात आणि त्यात तुमचा हिशेब असतो, हे जाणूनच लिहितो आहे.

दोन गोष्टींची तयारी मात्र करावी लागेल. गडाच्या आत मोकळं फिरता येत नाही, वाटाड्याबरोबरच जावं लागतं, फेरी पाऊण-एक तासाची. त्या बहुतेक जर्मनमध्ये असतात. इंग्रजी फेरी हंगामात ठरावीक वेळांना, आणि गटासाठी आधी सांगून ठेवली तर वेगळी. आणि वाट खडबडीत आहे. गुडघे दुखणाऱ्यांना वर नेऊ नका, त्यांना ब्राउबाखच्या गल्ल्यांमध्ये लाकडी चौकटीच्या घरांपाशी बसवा, खालून गड पाहिला तरी चालेल. पण निवड त्यांना द्या. "काका, वेळ नाही" हे उत्तर पुन्हा कुणाला देऊ नका. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी संस्थांनी पेढे वाटले, जाहिराती केल्या. गड पाहायला उत्सुक असलेला प्रवासी तुमच्याच बसमध्ये बसलेला आहे.

बाबांना मी तिथे नेऊ शकलो नाही. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि जेव्हा देत होते तेव्हा आम्ही बोप्पार्डला उतरून बसमध्ये चढलो होतो.

पुढच्या उन्हाळ्याचे कार्यक्रम तुम्ही दिवाळीच्या सुमारास छापता. त्याआधी तुमच्यापैकी कुणी हा थांबा घ्यायचं ठरवलं, तर गडाच्या प्रत्येक दरवाज्याची आणि खोलीची मराठी टिपणं माझ्याकडे तयार आहेत, वीस-बावीस पानं भरतील. छापा, वाटा, माझं नाव घालायची गरज नाही. घोड्यांच्या जिन्याच्या पायऱ्यांची मापंही त्यात आहेत.

आपला,
तुमच्या बसमधला एक जुना प्रवासी